पाचवी ओळ

दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, तिला तिचंच वाक्य भेटलं. परक्या घरी पाणी प्यायला म्हणून आत शिरावं आणि तिथल्या भिंतीवर आपलाच लहानपणीचा फोटो टांगलेला दिसावा, तसं झालं. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात, हिरव्या रेक्झिनच्या बाकावर ती बसली होती. मांडीवर दादाचं संमतिपत्र, हातात सिस्टरनं दिलेलं टोपण हरवलेलं पेन. नाव, वय, रक्तगट, जवळचं माणूस, सगळं भरून झालं होतं. घरात अक्षर तिचंच चांगलं, म्हणून फॉर्म भरायचं काम पहिल्यापासून तिचं. "उदयोन्मुख तंत्रज्ञान म्हणजे," कागद सांगत होता, "जे तंत्रज्ञान अद्याप घडत आहे, ज्याचा वापर सुरू झाला आहे परंतु सार्वत्रिक झालेला नाही, आणि ज्यामुळे माणसाच्या जगण्यात व कामात मोठा बदल घडून येण्याची शक्यता आहे, असे नवे तंत्रज्ञान." तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. स्वल्पविराम तिचे होते. 'सार्वत्रिक' हा शब्द तिचा होता, त्याच्यासाठी ती अख्खा दिवस भांडली होती. आणि वाक्य जिथं थांबलं होतं तिथं ते थांबायला नको होतं, हेही तिलाच ठाऊक होतं. व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि फरशीवर दुधासारखं सांडून राहिलं होतं. त्यातून चालणारी माणसं घोट्यापर्यंत बुडाल्यासारखी दिसत होती. तिला वाटलं, आपणही उठलो तर बुडू.

परिभाषेच्या कोशाच्या कार्यालयात ती सत्तावीस वर्षं होती. कुठे कुठे नवं यंत्र निघे, नवी औषधं निघत, त्यांची नावं चिठ्ठ्यांवर बसून कार्यालयात येत, बुजलेल्या पाहुण्यांसारखी. आणि त्यांना भाषेत बसायला जागा करून द्यायची, हे तिचं काम. सगळे तिला 'व्याख्याबाई' म्हणत. एका शब्दाला एक कार्ड, आणि एका कार्डावर चार ओळी, हा तिथला नियम. पाचवी ओळ लिहिलेली दिसली की संपादकांची लाल पेन्सिल यायची. म्हणून त्यांचं नाव 'कात्री'. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं आणि मनातून ते खूशच होते. दुसरा नियम त्याहून जुना. व्याख्या लिहून झाली की ती घरी न्यायची आणि त्या विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची. त्याला कळली तर कार्ड पेटीत, नाही तर पुन्हा कोरा कागद. कुणी आईला वाचून दाखवी, कुणी शेजारच्या शिंप्याला. ती दादाला वाचून दाखवायची. दादा तेव्हा अंगणात पाय सोडून बसलेला असायचा, डोळे मिटून, मान किंचित डोलवत, म्हणजे ती 'अर्धवाहक' वाचत असली तरी तो भजनासारखं ऐकायचा. "कळलं?" ती विचारायची. "कळलं नाही, पण पटलं," तो म्हणायचा. "चालेल?" "चालेल काय, धावेल!"

हा दादा चाळीस वर्षं गाऊन निरूपण करत आला होता. कुठलाही एक शब्द घ्यायचा, साधा, 'पाणी' म्हणा, 'उंबरठा' म्हणा, आणि तो तासभर हातात फिरवायचा. थोडं बोलायचं, थोडं गायचं, मधेच एखाद्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्याची थट्टा करायची, की सभागृहातल्या सहाशे माणसांना वाटे हा शब्द आपण आजच पहिल्यांदा ऐकला. तिच्यात आणि त्याच्यात अकरा वर्षांचं अंतर. ती चार-पाच वर्षांची असताना दादा गुरूंच्या मागे उभा राहून साथ करायचा आणि मध्यंतरात खाली बसला की ती त्याच्या मांडीत जाऊन झोपायची. मग दादा बसूनच गाऊ लागे. तो आवाज तिला कानानं ऐकू यायच्या आधी पाठीला लागायचा. त्याच्या छातीचं हाड तिच्या पाठीच्या कण्याला टेकलेलं, आणि मधून गुणगुणत जाणारी ती उबदार थरथर. अर्थ वगैरे नंतर, शाळेत गेल्यावर. आधी थरथर. कोशात बसून शब्दांना अर्थ लावताना पुष्कळदा तिच्या पाठीत तीच जागा जागी व्हायची. आणि जी व्याख्या लिहिताना ती जागी झाली नाही ती व्याख्या, मग कात्री काही म्हणोत, तिला स्वतःला खोटी वाटायची.

दोन वर्षांपूर्वी त्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली एक कुजबुज. दिवसाला दहा-पंधरा शब्द, तेही कुणी कान तोंडाशी आणला तर. त्यापुढे खोकल्याची उबळ. बाकी सगळं बोलणं लिहून पुसायच्या पांढऱ्या पाटीवर. आता हे नवीन आलं होतं. गळ्याच्या कातडीखाली नखाएवढी पट्टी बसवायची. बोलायचं मनात आलं की गळा ज्या हालचाली करतो त्या ती पट्टी ओळखणार, आणि कॉलरला लावलेली डबी ते शब्द दादाच्याच जुन्या आवाजात बोलणार, चाळीस वर्षांच्या ध्वनिफितींवरून घडवलेल्या. गाणारसुद्धा, असं म्हणत होते. फक्त त्यासाठी गळ्यातली उरलेली एक नस कापून पट्टीला जोडायची. म्हणजे कुजबुज जाणार. पट्टी चालली तर आवाज परत. नाही चालली तर कुजबुजही नाही, कायमची. चार वाजेपर्यंत सही हवी होती.

"झालं का हो वन्सं लिहून?" वहिनी शेजारी येऊन धपकन बसल्या. हातात थर्मास, काखेत दादाची शाल. "नाव-गाव लिहायला कोशातल्या बाईला तास लागतो, मग आमच्यासारख्यांनी अंगठाच उठवावा!"

वहिनींच्या पलीकडे दादा बसला. त्यानं पाटीवर काहीतरी लिहिलं आणि वहिनींच्या डोक्यावरून तिच्याकडे धरलं. *तिला वेळ लागू दे. स्वतःचंच लिखाण तपासतेय.*

ती वहिनींच्या पुढून त्याच्याकडे वाकली. "तुला कळलं?"

*घसा गेलाय, अक्कल नाही,* दादानं लिहिलं. पुसलं. *वाचल्याबरोबर ओळखलं. सार्वत्रिक! पाठच झालं होतं मला ते तेव्हा.* पुसलं, बाहीनंच. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही हल्ली कायम निळसर असायची. *डॉक्टरीणबाई म्हणाल्या काही प्रश्न विचारायचेत का. म्हटलं एकही नाही. ठमीनं लिहिलंय म्हणजे पारखून घेतलेलं असणार.*

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "मी आठ दिवस डोकं फोडतेय, की अहो करा, करून टाका. तर हूं की चूं नाही. आणि कागदावर बहिणीच्या चार ओळी दिसल्या, की लगेच तयार. बायकोच्या बोलण्याची ही किंमत."

*बायको चार ओळींत थांबत नाही,* दादानं लिहिलं, आणि आवाज नसलेलं हसू हसला. खांदे हलले, तोंड उघडलं, बाहेर फक्त हवा आली. पूर्वी तो हसला की बाहेरच्या पायऱ्यांवर चपला सांभाळत बसलेला माणूसही का कोण जाणे हसू लागायचा.

ती उठली आणि खिडकीशी गेली. बुडाली नाही. खाली चौकात वाहनं वळत होती, एक माणूस सायकलवर आरसा घेऊन चालला होता आणि त्या आरशातून आकाशाचा तुकडा रस्ताभर पळत होता. अकरा वर्षांपूर्वीचं कार्ड तिला काचेवर दिसलं, फिकट पिवळं, वरच्या कोपऱ्यात तिची सही. तिनं पाच ओळी लिहिल्या होत्या. पाचवी अशी : 'त्याचे भले-बुरे परिणाम काय, हे ते प्रथम वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच कळायचे असते.' ती ओळ लिहिताना पाठीतली ती जागा जागी झाली होती. कारण बाकीच्या चार ओळी यंत्राबद्दल होत्या आणि ही माणसाबद्दल होती. पण पाच म्हणजे पाच. कात्री त्या आठवड्यात रजेवर, मुलीचं बाळंतपण. छपाईचा दिवस जवळ. आणि तिला, खोटं कशाला बोला, चार ओळींत बसवण्याचा एक माज होता. हाताखालच्या मुलींसमोर ती लाल पेन्सिल आपण उचलावी, ही एक गोड हौस होती. तिनं ती उचलली. पाचवी ओळ एका रेघेत गेली. चार ओळी कशा घोटून बसल्या होत्या, कडेला कड! घरी येऊन तिनं त्या दादाला वाचून दाखवल्या. दादानं डोळे उघडले, पुन्हा एकदा वाचायला लावल्या, आणि म्हणाला, "ठमे, काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय गं. सम येत नाही." आणि ती म्हणाली, "होती एक ओळ. कात्रीनं कापली." इतकं सहज, की तिला स्वतःलाही ते खरं वाटलं. रजेवरून परत आल्यावर कात्रींनी छापलेलं पान चाळता चाळता म्हटलं होतं, "या शब्दाला मी पाच दिल्या असत्या, व्याख्याबाई." तेव्हा तिनं खिडकी लावायचं निमित्त करून पाठ फिरवली होती.

दादानं मात्र तो शब्द सोडला नाही. पुढच्याच आठवड्यात तो घेऊन उभा राहिला. उदयोन्मुख, उगवतीकडे तोंड करून उभं असलेलं. ती मागच्या खांबाला टेकून ऐकत होती. दादा गात होता, की बी मातीत असतं तेव्हाही त्याचं तोंड वरच असतं. पोटातलं लेकरू अंधारात असतं पण निघालेलं असतं. आणि माणसानं केलेली प्रत्येक नवी वस्तू, चाक असो, दिवा असो, आधी अशीच कुणाच्या तरी मनात मान वर करून उभी होती. सभागृह डोलत होतं. टाळ्यांचा ठेका खांबातून तिच्या पाठीत येत होता. तासाच्या शेवटी दादा थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "आता उगवल्यावर ते ऊन होईल की वणवा, हे मंडळी, आमच्या बहिणीच्या कार्डावर नाही, ते देवाला ठाऊक." लोक हसले. तीही हसली. आणि तेव्हापासून तो शब्द तिला पेपरात, जाहिरातीत, सरकारी पत्रकात भेटतच राहिला, दरवेळी त्याच चार ओळींसकट, दरवेळी जरा अधिक चकचकीत. पिकं, बँका, शाळा, सगळीकडे तो मान वर करून उभा असे. ती पान उलटायची. एखाद्या मुलाला घाईत घराबाहेर पाठवावं, त्याला सांगायचं ते सांगायचं राहून जावं आणि तो मात्र गावोगाव नाव काढत फिरावा, तसं काहीसं.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यातून झपझप येत होत्या. तरुण होत्या, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशाला तीन पेनं. तिनं त्यांना गाठलं.

"किती जणांना बसवलीय ही पट्टी?"

"सात. आणि सातही बोलताहेत," डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, विकणाऱ्याचा नव्हे.

"सगळ्यांत जुनी कधीची?"

"चौदा महिन्यांपूर्वीची."

"आणि चौदा महिन्यांनंतर काय होतं?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ते अजून यायचंय, मावशी. मी खोटं नाही बोलणार. मी सगळ्यांना म्हणते, विचारा. तुमच्या भावांनी काही विचारलंच नाही. कागद दाखवून म्हणाले, म्हणजे लिहून म्हणाले, की हे पुरेसं आहे."

हे पुरेसं आहे. ती परत बाकाकडे निघाली तेव्हा व्हरांडा पाण्याखालच्या जागेसारखा लांब आणि हळू झाला होता. वहिनींचा हात थर्मासच्या झाकणावर, दादाचे सुरकुतलेले पाय सपातांत, भिंतीवरचा 'शांतता राखा' असं बोटानं सांगणाऱ्या नर्सचा फोटो. न सांगितलं तर? चार वाजता सही होईल. पट्टी कदाचित तीस वर्षं चालेल. दादा सभागृहात उभा राहील, सहाशे माणसं डोलतील, ती खांबाला टेकेल. कोण विचारतंय पाचव्या ओळीला? तिला तो आवाज हवा होता. देवा, किती हवा होता! इतका, की क्षणभर तिची पाठ गरम झाली. आणि त्याच गरम पाठीनं ती दादासमोर फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"दादा, ती ओळ कात्रीनं नव्हती कापली. मी कापली होती."

दादानं पाटी मांडीवर ठेवली. भुवई वर केली. कुठली, असं त्याला विचारायचं नव्हतं. त्याला आठवत होतं.

"सम येत नाही म्हणाला होतास. बरोबर होतं तुझं. मी खोटं बोलले तुझ्याशी. चार ओळींत बसवायची होती मला."

"कसली ओळ? काय बोलताय वन्सं? आता काय नवीन?" वहिनींचा आवाज चढला.

दादानं बोटानं हवेत खूण केली, अंगणातली जुनी खूण. वाच. तिनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचू लागली. चार ओळी झाल्या. मग कागदावर नसलेली पाचवी. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. 'ते प्रथम वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच कळायचे असते.' दादाचे डोळे मिटलेले होते. मान एकदा हलली, खाली, आणि तिथंच राहिली. समोरच्या बाकावर एक उंच, ताठ म्हातारा बसला होता, निवृत्त कवायत-शिक्षक, गळ्याला पांढरं बँडेज. त्याचाही हाच फॉर्म होता. तोसुद्धा ऐकत होता.

*म्हणजे पहिले वापरणारे आम्ही,* शेवटी दादानं लिहिलं. पाटी वहिनींकडे वळवली. *आम्ही म्हणजे मी आणि तू. तू सांग.*

"मी काय सांगू? मी तर आठ दिवस सांगतेय, करा म्हणून!"

*का?*

"का म्हणजे? तुमच्यासाठी! बाहेर कुठे शब्द टाकता येत नाही, कोंडल्यासारखे बसून असता. सभागृहाच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही तुम्ही, लांबून वळसा घालता. मला दिसत नाही का?"

दादानं घाईघाईनं लिहिलं. *मी तुझ्यासाठी तयार झालो. दिवसभर कान तोंडाशी आणून तुझी मान दुखते.*

वहिनींनी शालीची घडी मोडली, पुन्हा घातली.

"मान दुखते," त्या म्हणाल्या. "दुखू दे की. वन्सं, तुम्हाला म्हणून सांगते. चाळीस वर्षं ह्यांचा आवाज सगळ्यांचा होता. घरी यायचे ते घसा बसवून. 'हूं' आणि 'बरं', एवढंच माझ्या वाट्याला. आता सकाळी डोळे उघडले, की मी कान नेते जवळ, तर विचारतात, झोप लागली का. रोज. तीन शब्द, पंधरातले. हे कुणाला सांगण्यासारखं आहे का? मला वाटलं, सहाशे माणसांचं गाणं अडवून मी आपले तीन शब्द कुरवाळत बसणार, म्हणजे माझ्यासारखी स्वार्थी मीच. आणि कागदावर सगळं चांगलंच लिहिलेलं. मग कुठल्या तोंडानं नको म्हणू?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि तुम्हीपण वन्सं! अकरा वर्षं? एवढीशी ओळ, तिला काय खायला लागत होतं?"

दादा वहिनींकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सभागृहातला शेवटचा दिवा मालवताना सेवेकऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी आलं आणि गेलं. गेलं असं तरी तिला वाटलं. तिनं पुढे वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो सहाशे माणसांना नाही म्हणत होता, आणि ते सोपं नव्हतं. त्याचे ओठ काहीतरी गाण्यासारखे हलले, हवा बाहेर आली, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. त्यानं ते पुसलं नाही. मग त्यानं तिच्या हातातला कागद घेतला, चौपदरी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

डॉक्टरीणबाईंना त्यानं पाटीवर नीट, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं : *रागावू नका. तुमच्या सात जणांना माझा आशीर्वाद. माझी नस सध्या कामावर आहे.* त्यांनी वाचलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "मी दर सहा महिन्यांनी विचारणार, आजोबा."

जाता जाता समोरच्या कवायत-शिक्षकानं हात वर करून तिला थांबवलं. त्याला कुजबुजही नव्हती. गेली तीन वर्षं काहीच नव्हतं. त्यानं आपला कागद पुढे केला आणि दुसऱ्या पानाच्या तळाच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. तिनं उभ्या उभ्याच, भिंतीला कागद टेकवून, ती ओळ लिहिली. सिस्टर लांबून म्हणाली, "बाई, फॉर्मवर असं काही लिहायचं नसतं हं!" शिक्षकानं ती ओळ वाचली, एखाद्या सैनिकानं हुकूम वाचावा तशी, मान ताठ ठेवून. मग त्याच पेनानं तिच्याखाली सही केली, ठसठशीत, आणि तिच्याकडे बघून एक कडक सलाम ठोकला. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि त्या भीतीसकट तो मजेत होता. दादानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. दोन म्हातारे तसेच उभे राहिले, एकाही शब्दावाचून.

खाली फाटकाशी वहिनी रिक्षा बघायला पुढे गेल्या. चौकातली वाहनं नुसती ओरडत होती. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सगळं जरा पांढरं पांढरं, विरळ दिसत होतं. उद्या कार्यालयात जाऊन पेटी उघडायची, कार्ड काढायचं, पाचवी ओळ परत लिहायची, कोणाकोणाला सांगायचं, कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं, हे सगळं तिला कुणा दुसऱ्याच बाईबद्दल ऐकल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी बाही ओढली. दादा. तोंडानं काहीतरी म्हणत होता. तिला ऐकू आलं नाही. ती वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपला कान त्याच्या ओठांशी नेला. दोन वर्षांत ते कधी तिच्या मनात आलं नव्हतं, ती पाटीच वाचत आली होती. आधी नुसती ऊब लागली, औषधाच्या वासाची. तिनं श्वास धरला. त्या उबेतून, कागद फाटावा एवढ्या आवाजात, त्यानं पुन्हा म्हटलं :

"सावलीत ये."

"बास, आजचे संपले!" वहिनी रिक्षातून ओरडल्या.

ती सावलीत गेली.